रस्ते बोलताय का?

नव्या हॉलमध्ये त्याचं टेबल आलं होतं, पण टेबलावरचा फोन आला नव्हता. जिथं फोन इतकी वर्षं बसून होता तिथं लाकडाचा रंग गडद राहिला होता. बाकीचं टेबल उन्हानं आणि कोपरांनी फिकट झालेलं. सकाळी खुर्ची ओढून बसल्याबरोबर त्यानं सवयीनं डावा हात तिकडं नेला आणि हात नुसत्या लाकडावर पडला. एवढंच झालं. पण जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं. त्यानं हात मागं घेतला आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. कुणाला फुरसत होती? चार खात्यांची माणसं आपापल्या खुर्च्या, पंखे, चहाचे कप शोधत फिरत होती. ट्रकमधून उतरवताना कुणाचं कपाट कुणाच्या मागं लागलं होतं, आणि त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडं होती तो नेमका रजेवर होता.

आजवर या शहरात रस्त्यांचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, गटारांचं वेगळं आणि दिव्यांचं वेगळं. चौघांच्या इमारती शहराच्या चार टोकांना आणि तोंडंही चार दिशांना. रस्त्यांनी हौसेनं रस्ता करायचा, आठवड्याच्या आत पाण्यानं येऊन तो खणायचा, पाण्यानं बुजवला की गटारांना जाग यायची, आणि लोकांनी खड्ड्याला वळसा घालत सगळ्यांच्याच नावानं बोटं मोडायची. नव्यानं आलेल्या मुख्य अभियंत्यांनी यावर एकच उपाय काढला. खातीच मोडायची. शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचे रस्ते, पाणी, गटारं, दिवे एका छताखाली आणून बसवायचे. ही सगळी फेररचना त्यांनी एका भल्यामोठ्या कागदावर चौकोन काढून दाखवली होती, त्यामुळं शिपायांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव चौकोनसाहेब ठेवलं. ज्यांना चौकोन मिळाला ते सुटले. ज्यांना मिळाला नाही, किंवा ज्यांच्याबद्दल काही शंका निघाली, त्यांची नावं 'जादा' म्हणून वेगळी निघत होती, आणि जादा झालेल्या माणसाचं पुढं काय होतं हे कुणीच धड सांगत नव्हतं. "भिंती नकोत, पत्रं नकोत, टेबलाटेबलावर फोन नकोत," चौकोनसाहेब पहिल्या दिवशी हॉलच्या मधोमध उभं राहून म्हणाले. "समोरासमोर बसा आणि तोंडानं बोला." यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. इतरांबरोबर त्यानंही मान हलवली होती. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली आणि त्याला कळलं की ही फोनची वेळ आहे, आणि फोन आता येणार नाही.

तो रस्त्यांच्या खात्यात उपअभियंता होता. लोक पाठीमागं त्याला डांबरकाका म्हणत आणि त्याला ते माहीत होतं. रोजच्या त्या फोनची सुरुवात एका भांडणानं झाली होती. तेव्हा त्याचे केस काळे होते. बाजारापासून दवाखान्यापर्यंतचा एक रस्ता त्यानं मनापासून केला होता, खडी दोनदा चाळून घेतली होती, आणि रोलर निघून जातो न जातो तोच टेबलावरचा फोन खणखणला. "रस्ते बोलताय का?" एक बाईचा आवाज. "हो, रस्ते बोलतोय." "पाणी बोलतेय. तुम्हाला काही जनाची मनाची आहे की नाही? माझ्या व्हॉल्व्हवर डांबर ओतून मोकळे झालात! आता तो उघडायचा कसा? तुमचा तो रोलर आणून?" ती बोलत राहिली. तिच्या खात्याला कोणी विचारत नाही, रस्ता झाल्यावरच कळतं, लोक शिव्या मात्र पाण्याला घालतात. शेवटी दमून ती म्हणाली, "एक फोन करायला काय जातं तुमचं?" खरंच काय जात होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन लावला. "पाणी आहे का? रस्ते बोलतोय. उद्या शाळेपुढचा रस्ता घेतोय. तुमचं काही आहे का तिथं?" मग ती म्हणाली, "थांबा, बघते." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, चपला वाजल्या, कपाटाचं दार कुरकुरलं, नकाशाची गुंडाळी सोडताना कागद खडखडला. परत आल्यावर ती आधी बारीकशी खाकरली. "तिथं माझं काही नाही. घ्या."

तेव्हापासून रोज सकाळी. कधी त्यानं करायचा, कधी तिनं. तिच्याकडून उत्तर दोनच प्रकारचं यायचं, 'घ्या' नाही तर 'थांबा', आणि तिनं थांबा म्हटलं की तो ठेकेदाराशी, नगरसेवकाशी, स्वतःच्या साहेबाशीसुद्धा वाकडं घ्यायचा, पण थांबायचा. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नव्हतं. काम संपलं की मिनिटभर इकडचं तिकडचं. फोनवर तो फार मोठ्यानं बोलायचा, कारण ती सारखी म्हणायची, "जोरात बोला हो, लायनीत खरखर आहे. बरं तर बरं, आमच्या फोनला आवाजाचं बटण आहे." त्यामुळं रस्त्यांच्या सगळ्या खात्याला माहीत होतं की पाणीबाईंच्या आईला दिसत नाही, त्यांच्या खिडकीत एक मांजर येतं, आणि डांबरकाकाला मांजरं आवडत नाहीत. आईला घरी एकटं ठेवून तिला कामावर यावं लागायचं. लग्नाचं काही कधी बोलण्यात आलं नाही. त्यानं विचारलं नाही. एका सकाळी तिनं 'घ्या' म्हटल्यावर पुढं सांगितलं, "आई गेली. परवा." तो म्हणाला, "वाईट झालं." आणि मग त्याच दमात, त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "बरं, तो मंडईमागचा तुकडा राहिलाय, तो घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी खाकरली, नेहमीसारखी बोलली, आणि त्याला वाटलं, तिला कळलं असावं. फोनवर माणसाला कळतं.

इतक्या वर्षांत दोघं भेटले नव्हते. भेटायला काही अडचण होती असंही नाही. एकदा सहीसाठी तो पाण्याच्या इमारतीत गेला होता, जिन्याच्या दोन पायऱ्या चढला होता, आणि मग शिपायाच्या हातात कागद देऊन मागं फिरला. आवाजावरून त्यानं तिला उंच केली होती. रुंद कपाळ दिलं होतं, हातात पेन्सिल दिली होती. ते सगळं जिना चढून मोडायची त्याची तयारी नव्हती. घरी त्याची बायको होती, म्हणजे असायची. लेकीला मूल झालं तेव्हा मदतीला म्हणून ती दुसऱ्या शहरात गेली, मूल रांगलं, चालायला लागलं, शाळेत गेलं, आणि बायको तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी तिचा फोन यायचा. "गॅस बंद करता ना झोपताना?" "करतो." "औषध घेता?" "घेतो." "बाकी?" बाकी काय असणार? बाकी सगळं त्यानं सकाळी पाण्याला सांगून टाकलेलं असायचं.

आणि आता ती समोर होती. नव्या हॉलमध्ये कुणाचं टेबल कुठं हे चौकोनसाहेबांनी ठरवलं होतं आणि पाण्याचं टेबल रस्त्यांच्या टेबलाला तिरपं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ आलं होतं. त्या टेबलाशी एक बुटकी, जाड भिंगांचा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली, पांढऱ्या केसांची बाई येऊन बसली. त्यानं तिच्याकडं लक्षही दिलं नाही. ट्रकबरोबर आलेल्या कपाटावरून तिचं आणि दिवेवाल्याचं काहीतरी चाललं होतं. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि बोलायच्या आधी ती बारीकशी खाकरली. त्याच्या कानामागची कातडी ताणली गेली. तो आवाज त्यानं कुठंही ओळखला असता, आगगाडीच्या फलाटावर, दवाखान्यात, कुठंही. फक्त तो आवाज कानाच्या आत असायचा, असा बाहेरून कधी आला नव्हता. त्यानं सदरा सारखा केला. बराच वेळ मनाशी वाक्यं जुळवली, आणि मग थोडं पुढं वाकून म्हणाला, "नमस्कार. मी रस्ते." डोक्यावर पंखा गरगरत होता, कोपऱ्यात सुतार पार्टिशन ठोकत होता, आणि ती समोरचे कागद लावत राहिली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्याचा चेहरा गरम झाला. त्यानं ड्रॉवर उघडला, पुन्हा बंद केला. पलीकडून गटारवाला तरुण अभियंता त्याच्याकडं बघून हसला. कदाचित तो दुसऱ्याच कशाला तरी हसला असेल.

मग दिवस गेले. ती यायची, बसायची, कधी मान वर करून त्याच्याकडं बघायची, आणि तो बघायला लागला की खाली बघायची. त्यानं पुन्हा एकदोनदा प्रयत्न केला. एकदा "आज फार उकडतंय," असं म्हणाला. ती हसली, पण ते ओळखीचं हसू नव्हतं. रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याला आपल्याला माहीत नसताना आपण देतो तसं काहीतरी होतं ते. त्यानं ठरवून टाकलं की तिला आपण आवडलो नाही. तिनंही आवाजावरून आपल्याला काहीतरी दिलं असेल, उंची, केस, आणि प्रत्यक्षात हे टक्कल, हे पोट, शर्टाच्या बाहीवर डांबराचा न जाणारा डाग. तिचा मोबाइल नंबर त्याच्याकडं नव्हता. समोर बसलेल्या बाईला नंबर मागायचा कोणत्या तोंडानं? दुपारी ती डबा घेऊन कुठंतरी निघून जायची. तो आपल्या टेबलाशीच खायचा, आणि खाताना फोनच्या जागी उरलेल्या गडद चौकोनावर त्याची नजर जायची. लहानपणी त्याला गोवर आला होता तेव्हा त्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं आणि ताईला सक्त ताकीद होती, आत जायचं नाही. ताई दाराबाहेर फरशीवर बसून राहायची. दाराच्या फटीतून ती त्याला जगभरच्या गोष्टी सांगायची, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली, मास्तरांनी कुणाला उठाबशा काढायला लावल्या, आणि तोही फटीला तोंड लावून तिला आत काय काय आहे ते सांगायचा, जे खोलीत अजिबात नव्हतं ते. समुद्र आहे म्हणाला होता. ताईनं विचारलं, किती खोल? असे किती दिवस गेले ते आता आठवत नाही, पण इतकं तो पुन्हा कुणाशी बोलला नाही. मग एक दिवस दार उघडलं. ताई समोर उभी होती, फ्रॉक, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मग ताई खेळायला निघून गेली. ताईला जाऊनही आता बराच काळ लोटला, आणि दवाखान्यात शेवटी ती काचेपलीकडं होती तेव्हाही त्याला वाटलं होतं, काचेला एखादी फट असती तर आपण बोललो असतो.

काम मात्र चालू होतं. दवाखान्याकडून नव्या वसाहतीकडं जाणारा रस्ता उखडला होता आणि चौकोनसाहेबांना या कार्यालयाचा पहिला रस्ता म्हणून तोच झटपट करून हवा होता. कागद सगळ्यांच्या टेबलांवरून फिरला, सगळ्यांनी बरोबरची खूण करून पुढं ढकलला, कारण आता सगळे एकाच खोलीत होते आणि ज्याला काही म्हणायचं तो म्हणेलच, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्याला ते पटेना. अंगवळणी पडलेलं होतं. विचारल्याशिवाय त्याचा हात डांबराला लागत नसे. सकाळी, फोनच्याच वेळेला, तो खुर्ची तिच्याकडं वळवून म्हणाला, "उद्या दवाखान्याचा रस्ता घेतोय. तुमचं काही आहे का तिथं?" सुतार ठोकत होता. दिवेवाला कुणावर तरी ओरडत होता. तिनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, ते ओशाळं हसू हसली आणि मान डोलावली. तो थांबला. ती कपाटाकडं जाईल, नकाशाची गुंडाळी सोडेल, म्हणून थांबला. ती पुन्हा कागदात गेली. म्हणजे घ्या. एवढंच उरलं होतं तर त्यांच्यात, एक मान हलवणं. 'घ्या' म्हणायचेसुद्धा कष्ट नाहीत. त्याला राग आला, आणि त्या रागाच्या भरात त्यानं पुन्हा विचारलं नाही.

रस्ता सुरेख झाला. चौकोनसाहेबांनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला. आणि फोटो अजून कुणाच्या मोबाइलवरून पुसला गेला नसेल तोच वसाहतीतून ओरड आली, नळांना पाणी नाही. जुना जॉइंट होता, नेमका नव्या डांबराखाली, आणि तो बदलायचं काम पाण्याच्या यादीत आधीपासून लागलेलं होतं. खणायचं यंत्र आलं. नव्या रस्त्याचा काळा तुकडा त्याच्या दातांत साय निघावी तसा वर आला. लोक जमले, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. "एकत्र बसून खड्डा काढला बरं का," एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. तो खड्ड्याच्या अलीकडं उभा होता, ती पलीकडं, यंत्राकडं पाठ करून, मुकादमाला खाली बोट दाखवून काहीतरी सांगत. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. एवढं होतं तर मान का डोलावलीत बाई, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच वेळी यंत्र मागं यायला लागलं. मागं येताना ते कर्कश पी-पी करतं. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा त्या आवाजाला बाजूला होतं. मुकादम बाजूला झाला. ती झाली नाही. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई! सरका!" ती वाकून खड्ड्यात बघत होती. यंत्राची सावली तिच्या हातावर आली तेव्हा ती दचकली, वळली, आणि मुकादमानं तिला दंडाला धरून ओढली. झालं ते इतक्या पटकन की कुणाच्या ते ध्यानातही राहिलं नाही. मुकादम ड्रायव्हरच्या आईचा उद्धार करायला लागला आणि लोक त्यात रमले.

तो मात्र तिथंच उभा राहिला. जोरात बोला हो. लायनीत खरखर आहे. आवाजाचं बटण आहे. किती वर्षं? लायनीत कधीच खरखर नव्हती. त्याच्या बाजूनं तर तिचा श्वास ऐकू यायचा. आणि त्या हॉलमध्ये, पंख्याखाली, सुताराच्या हातोडीत, तो हळू आवाजात म्हणाला होता, नमस्कार, मी रस्ते. आज फार उकडतंय. तुमचं काही आहे का तिथं. त्याला एकदम तिचं ते मान डोलावणं दिसलं, ते पत्ता माहीत नसलेल्या माणसाचं हसू दिसलं. दिवसभर अशी किती माणसं तिच्याकडं तोंड हलवत असतील आणि ती किती जणांपुढं मान डोलावत असेल. त्याला खड्डा ओलांडून पलीकडं जावंसं वाटलं. पण जाऊन काय करणार होता? ओरडणार होता? चार माणसांत?

दुपारी दोघांना चौकोनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. "मला फक्त एकच सांगा," ते बाहेर बघत म्हणाले. "काम काढायच्या आधी पाण्याला विचारलं होतं की नव्हतं? विचारलं असेल आणि उत्तर चुकीचं मिळालं असेल, तर मला त्या टेबलाचा विचार करावा लागेल. दोघांपैकी कुणीतरी आपलं काम केलेलं नाही." त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती साहेबांच्या पाठीकडं बघत होती, शांत, थोडीशी अधीर, एखाद्याचं बोलणं सुरू व्हायची वाट बघावी तशी. तिला कळलंही नव्हतं की बोलणं झालं. खरं सांगायचं तर अगदी सोपं होतं. विचारलं होतं सर, या हो म्हणाल्या. एवढ्या वाक्यात तो सुटत होता. आणि मग तिला कागद आला असता, कारण विचारलं असतं, डॉक्टरकडं पाठवलं असतं, आणि जादांच्या यादीत एक नाव वाढलं असतं. घरी आता आईही नव्हती. एक मांजर होतं, तेही खिडकीत येणारं.

"नाही सर," तो म्हणाला. "विसरलो."

साहेब वळले आणि तिच्याकडं बघून सावकाश म्हणाले, "म्हणजे यांनी तुम्हाला विचारलंच नाही?" आता तिला त्यांचे ओठ दिसत होते आणि कळत होतं. "नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मला कुणी काही विचारलं नाही." ती खरं बोलत होती. खरं बोलणाऱ्या माणसाचा ताठा तिच्या मानेत होता, आणि तो त्याला लागला. आपण होऊन केलेल्या गोष्टीचं इतकं लागावं याचं त्याला नवल वाटलं. ती बाहेर गेल्यावर साहेबांनी त्याला थांबवून घेतलं. या वयात माणसाचं लक्ष राहत नाही, आपण समजू शकतो, असं ते म्हणाले, आणि डांबरीकरणाची सगळी कामं तूर्त गटारवाल्या तरुणाकडं देऊन टाकली. त्यानं तक्रारींचं टेबल बघायचं. लेखी पुढच्या आठवड्यात मिळेल. "तुम्हाला थोडी विश्रांतीही होईल," साहेब चांगल्या मनानं म्हणाले.

रविवारी बायकोचा फोन आला. गॅस बंद करता ना? करतो. औषध? घेतो. बाकी? या वेळी बाकी होतं. त्याला वाटलं, सांगावं: माझे रस्ते काढून घेतले. अख्ख्या शहराची धूळ खाल्ली, डांबरानं फुप्फुसं काळी केली, आणि आता लोकांच्या तक्रारी ऐकत बसायचंय. पण ते सांगायचं तर खोटं का बोलला ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर इतक्या वर्षांच्या सकाळी सांगाव्या लागल्या असत्या. "बाकी काही नाही," तो म्हणाला. मागून नातवाचा आवाज आला, बायको म्हणाली, "थांब रे," आणि मग त्याला म्हणाली, "ठेवते." तो खिडकीत जाऊन उभा राहिला. खाली त्याच्या घरापुढची गल्ली होती, आखूड, टोकाला बंद. ती त्यानंच केली होती, फार पूर्वी. अजून एक खड्डा नव्हता.

सोमवारी हॉलमध्ये तो आपल्या टेबलाशी बसला. समोरची खुर्ची रिकामी होती. पिशवी होती, बाटली होती, ती नव्हती. त्यानं घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तेवढ्यात दाराजवळच्या स्टुलावरचा फोन वाजला. सगळ्या हॉलला मिळून तो एकच ठेवला होता आणि तो सहसा कुणी उचलत नसे. शिपायानं उचलला, रिसीव्हर छातीशी धरून हॉलभर नजर फिरवली आणि वैतागून ओरडला, "रस्ते कोण आहे इथं? रस्त्यांना फोन!" कुणी उठलं नाही. आता रस्ते असं कुणी नव्हतंच. मग तो उठला. टेबलांमधून वाट काढत गेला, रिसीव्हर घेतला, आणि कानाला लावायच्या आधीच त्याला ती बारीकशी खाकर ऐकू आली.

"रस्ते बोलताय का?"

"हो," तो म्हणाला. मग लक्षात येऊन जोरात म्हणाला, "हो! रस्ते बोलतोय!"

"पाणी बोलतेय. तुम्हाला काही जनाची मनाची आहे की नाही?"

पुढं ती बोलत सुटली. माझा जुना फोन मी ट्रकमधून उचलून आणला, खाली नकाशांच्या खोलीत वायरमनकडून लावून घेतला, कारण तोंडावर भांडायला मला जमत नाही, वर आवाज फार असतो. इतके दिवस समोर बसलात आणि एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटलं, असेल, फोनवरचं माणूस वेगळं असतं. पण रस्ता? रस्ता करताना विचारू नये? कागदावर खूण केली ती काम काढायच्या आधी तुम्ही विचाराल या भरवशावर. इतक्या वर्षांत एकदा चुकला नाहीत आणि समोर आल्यावर विसरलात? तो रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत होता. आवाज पुन्हा कानाच्या आत आला होता. ती उंच होती, तिचं कपाळ रुंद होतं, तिच्या हातात पेन्सिल होती. ती त्याला बोल लावत होती आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की आपले डोळे भरलेत हे त्याला शिपायाच्या बघण्यावरून कळलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"ऐकताय ना?" ती म्हणाली.

"ऐकतोय."

पुढं बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "एक विचारू? खरं सांगा. तुम्ही विचारलं होतंत का हो मला?"

पलीकडं ती श्वास धरून होती. त्याला ते ऐकू येत होतं. फोनवर माणसाला कळतं. म्हणून तो लगेच बोलला, नेहमीपेक्षाही मोठ्या आवाजात, म्हणजे त्यात दुसरं काही ऐकू येऊ नये. "नाही! विसरलो! वय झालं आता."

"हं," ती म्हणाली. तिनं सोडलेला श्वास सुटकेचा होता की कशाचा ते त्याला कळलं नाही. "मग यापुढं विसरू नका. मी या वेळेला खाली असते. रोज विचारायचं." आणि जरा वेळानं, जुन्या, कामाच्या सुरात, "बरं, उद्याचे सांगा. कुठले रस्ते घेताय?"

त्याच्याकडं रस्ते नव्हते. यादी तिकडं गटारवाल्याच्या टेबलावर पडली होती, चहाच्या कपाखाली. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तरी ते तिच्यापर्यंत पोचलंच असेल असं नाही. हे कळायला फार दिवस लागणार नव्हते. त्यानं भिंतीवर बोट टेकवलं आणि डोळ्यांपुढं शहर आणायचा प्रयत्न केला, पण घरापुढची एकच गल्ली आली.

"एकच आहे," तो म्हणाला. "लहानशी. वाचनालयाच्या मागची. टोकाला पिवळी इमारत आहे, तिथं संपते."

"तिथं कोण राहतं एवढं? बरा रस्ता असेल की अजून."

"बरा आहे. पण घ्यावा म्हणतो. तुमचं काही आहे का तिथं?"

"थांबा, बघते."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला वाजल्या, लांब गेल्या. कपाटाचं दार कुरकुरलं. नकाशाची गुंडाळी सुटताना कागद खडखडला, आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मागं हॉलमध्ये पंखा फिरत होता, कुणीतरी शिपायाला, त्यांना फोन ठेवायला सांग, म्हणत होतं, आणि केबिनच्या काचेतून चौकोनसाहेब इकडं बघत होते.

"सावकाश बघा," तो मोठ्यानं म्हणाला. "मला काही घाई नाही."

पलीकडं ते ऐकायला कुणी नव्हतं. त्यानं रिसीव्हर कानाला आणखी घट्ट लावला आणि तो तसाच उभा राहिला.